कच्च्या खर्ड्याचा वाचक

ग्रंथालय कलिनाच्या विद्यानगरीतले असो, देवनारचे असो की पवईचे, शोधप्रबंध लांबूनही ओळखू येतो. जाड पुठ्ठ्याची बांधणी, काळे किंवा गडद रेक्झिन, त्यावर सोनेरी अक्षरांत विषय, विद्यार्थ्याचे नाव, मार्गदर्शकाचे नाव, विद्यापीठ आणि वर्ष. आत पहिल्या काही पानांत मार्गदर्शकाच्या सहीचे प्रमाणपत्र असते. हे काम या विद्यार्थ्याने माझ्या मार्गदर्शनाखाली केले असून ते यापूर्वी कोणत्याही पदवीसाठी सादर झालेले नाही, एवढाच त्याचा आशय. तीन, पाच, कधी सात वर्षे चाललेल्या एका नात्याची अधिकृत नोंद तीन-चार ओळींत संपते. कोणते प्रकरण किती वेळा परत आले, कुठल्या पानाच्या समासात ‘पुरावा?’ असे लिहिले गेले, मूळ गृहीतक कोणत्या संभाषणानंतर बदलले, यातले काहीच त्या बांधीव प्रतीत उरत नाही. ते सगळे कच्च्या खर्ड्यांमध्ये असते आणि प्रबंध सादर झाला की खर्डे रद्दीत जातात. त्यामुळे मुंबईतल्या शोधमार्गदर्शनाचा इतिहास लिहायचा म्हणजे नाहीशा झालेल्या कागदांचा इतिहास लिहायचा. तरीही तो लिहिता येतो. प्रस्तावनांतून, एकाच अभ्यासकाच्या दोन वेगवेगळ्या लेखनांची तुलना करून आणि विद्यापीठांच्या नियमांतून त्या कागदांचा माग लागतो. तो माग काढत गेल्यावर माझे एक मत पक्के झाले आहे. मार्गदर्शनाचा गाभा एकच आहे : दुसऱ्याचे अपुरे लेखन मन लावून वाचणे. आपली विद्यापीठे मात्र जन्मापासून पुरे झालेले लेखन तपासण्यासाठी बांधलेली आहेत. या दोन वृत्तींतली ओढाताण हाच गेल्या शंभर वर्षांचा इतिहास आहे आणि आज उपनगरांतल्या कॉलेजांमध्ये पहिली वृत्ती दुसरीखाली दबून चालली आहे.

सुरुवातच परीक्षेपासून झाली. वुडच्या १८५४ च्या खलित्याला अनुसरून १८ जुलै १८५७ रोजी मुंबई विद्यापीठ स्थापन झाले, तेव्हा त्याच्यासमोर नमुना होता लंडन विद्यापीठाचा. शिकवायचे कॉलेजांनी, विद्यापीठाने अभ्यासक्रम आखायचा, परीक्षा घ्यायची आणि पदवी द्यायची. १८६२ साली बी.ए. झालेल्या पहिल्या तुकडीत महादेव गोविंद रानडे आणि रामकृष्ण गोपाळ भांडारकर होते. दोघांनीही पुढे मोलाचे संशोधन केले, पण त्या संशोधनाला आजच्या अर्थाने ‘गाइड’ नव्हता. भांडारकरांशी वाद घालणारे, त्यांच्या निष्कर्षांना दाद देणारे विद्वान देशात आणि युरोपात होते. त्यांचे अर्धवट प्रकरण वाचून ‘हे पुन्हा लिहा’ म्हणण्याची जबाबदारी मात्र कोणावरही नव्हती. परीक्षक उत्तरपत्रिका पाहतो तेव्हा लिहिणारा उठून गेलेला असतो, त्या लेखनात आता काही बदलणार नसते. मार्गदर्शकाचे काम बरोबर उलट्या वेळी सुरू होते. विद्यापीठांना स्वतः शिकवण्याचा आणि संशोधन चालवण्याचा अधिकार स्पष्टपणे मिळाला तो १९०४ च्या भारतीय विद्यापीठ कायद्याने. मुंबईत त्याचे ठळक फळ दिसायला १९१९ उजाडले. त्या वर्षी अर्थशास्त्र आणि समाजशास्त्राचे पदव्युत्तर अध्यापन सुरू झाले आणि समाजशास्त्राची सूत्रे स्कॉटिश नगररचनाकार पॅट्रिक गेडिस यांच्याकडे आली.

इथे एक आक्षेप येतो आणि तो दुर्लक्ष करण्यासारखा नाही. गुरु-शिष्य परंपरा आपल्याकडे हजारो वर्षांची. मग मार्गदर्शक ही जेमतेम शंभर वर्षांची गोष्ट कशी? नात्यातला आदर जुना आहे हे खरे, पण काम नवे आहे. पाठशाळेत गुरूजवळची विद्या शिष्याकडे जाते. शिष्याने ती अचूक आत्मसात केली की परंपरा राखली गेली. शोधप्रबंधात मार्गदर्शकाला उत्तर माहीत नसते आणि माहीत नसावे, ही अटच असते. त्याला ठाऊक नाही ते विद्यार्थ्याने आणायचे असते. ही रीत जर्मनीत रुजली. १८१० साली स्थापन झालेल्या बर्लिनच्या विद्यापीठाने संशोधनाला अध्यापनाच्या बरोबरीने बसवले आणि जर्मन भाषेत मार्गदर्शकासाठी ‘डॉक्टरफाटर’, म्हणजे डॉक्टरेटचा बाप, असा शब्दही रूढ झाला. अमेरिकेत येल विद्यापीठाने १८६१ मध्ये पहिल्या पीएच.डी. दिल्या, ऑक्सफर्डने अशी संशोधन पदवी सुरू केली ती १९१७ मध्ये. म्हणजे मुंबई या बाबतीत फार मागे नव्हती. चूक झाली ती वेगळ्याच ठिकाणी. नव्या कामावर आपण जुन्या गुरूचा अधिकार जसाच्या तसा चढवला आणि ‘सर म्हणतील ते’ हे वाक्य प्रयोगशाळेत आणि ग्रंथालयात जाऊन बसले. ज्या नात्यात विद्यार्थ्याने काही नवे म्हणणे अपेक्षित आहे तिथे पाठशाळेतले आज्ञापालन आले की प्रबंधाचा जीवच जातो.

मुंबईत हे काम कसे घडले, ते पाहायला गेडिस आणि गोविंद सदाशिव घुर्ये यांच्याइतके चांगले उदाहरण नाही. घुर्ये १८९३ साली मालवणात जन्मलेले, संस्कृतचे अभ्यासक. गेडिस यांची व्याख्याने ऐकून त्यांनी नागरी केंद्र म्हणून मुंबई या विषयावर निबंध लिहिला. तो गेडिस यांच्या मनात भरला आणि घुर्यांना परदेशी शिक्षणाची शिष्यवृत्ती मिळाली. एका वाचकाने एका होतकरू लेखनात पुढची शक्यता पाहिली, इतकीच ती घटना. पण भारतीय समाजशास्त्राचा मोठा भाग तिच्यातून निघाला. इंग्लंडमध्ये घुर्ये आधी लंडनला हॉबहाउस यांच्याकडे गेले, तिथून केंब्रिजला डब्ल्यू. एच. आर. रिव्हर्स यांच्याकडे. जून १९२२ मध्ये रिव्हर्स अचानक वारले आणि अर्ध्यात अडकलेले काम घुर्यांनी ए. सी. हॅडन यांच्या देखरेखीखाली पुरे केले. मार्गदर्शक मधेच नाहीसा होणे म्हणजे काय, हे त्यांनी स्वतः भोगले होते. १९२४ मध्ये ते मुंबईच्या विभागाचे प्रमुख झाले आणि १९५९ मध्ये निवृत्त झाले. त्या पस्तीस वर्षांत आणि त्यानंतरही त्यांच्या हाताखाली पन्नासहून अधिक विद्यार्थ्यांनी पीएच.डी. पुरी केली, शिवाय प्रबंध लिहून एम.ए. करणारे वेगळे. इरावती कर्वे यांनी १९२८ साली चित्पावनांवरचा प्रबंध लिहून एम.ए. केले ते त्यांच्याच मार्गदर्शनाखाली. विद्यार्थ्याची भाषा, त्याचा प्रांत, त्याची ओळखीची माणसे यांचा विचार करून विषय द्यायचा आणि पुस्तकातून उठवून त्याला त्या माणसांमध्ये पाठवायचे, ही घुर्यांची पद्धत होती. म्हणून म्हैसूरच्या एम. एन. श्रीनिवास यांनी म्हैसूरमधल्या विवाह आणि कुटुंबावर लिहिले आणि नंतर कूर्गवर.

मार्गदर्शकामुळे नेमके काय बदलते, या प्रश्नाला श्रीनिवासांच्या कूर्गवरच्या लेखनाइतके स्वच्छ उत्तर क्वचितच मिळेल. १९४४ मध्ये त्यांनी मुंबईला पीएच.डी. मिळवली ती कूर्ग लोकांवरच्या दोन खंडी प्रबंधावर. त्यात चालीरीती, विधी, घराणी यांची विपुल सामग्री होती. १९४५ मध्ये ते ऑक्सफर्डला गेले. तिथे आधी रॅडक्लिफ-ब्राउन आणि ते निवृत्त झाल्यावर एव्हान्स-प्रिचर्ड हे त्यांचे मार्गदर्शक झाले. नवे क्षेत्रकार्य न करता, तीच मुंबईची सामग्री त्यांनी पुन्हा मांडली. पण आता प्रश्न वेगळा होता. हा विधी कुठून आला, यापेक्षा तो समाजाला कसा बांधून ठेवतो, हे पाहणे सुरू झाले. १९५२ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या ग्रंथात संस्कृतीकरणाची, म्हणजे खालच्या जातींनी वरच्या जातींच्या चालीरीती उचलून वर चढू पाहण्याची, संकल्पना पुढे आली आणि भारतीय समाजाविषयी बोलण्याची भाषाच बदलली. सामग्री तीच, लेखक तोच, वाचक बदलला. यातून ऑक्सफर्ड थोर आणि मुंबई सामान्य असा निष्कर्ष काढणे सोपे आहे, पण ते बरोबर होणार नाही. घुर्यांनी पाठवले नसते तर ती सामग्रीच जमली नसती. रॅडक्लिफ-ब्राउन यांनी विचारले नसते तर ती तशी उलगडली नसती. कुठे जायचे ते एकाने दाखवले आणि काय विचारायचे ते दुसऱ्याने. दोन्ही कामे प्रबंध बांधून झाल्यावर करता येत नाहीत. ती खर्ड्याच्या अवस्थेतच होतात.

वाचक म्हणजे सहमत होणारा माणूस, असा गैरसमज याच इतिहासाने दूर होतो. अक्षय रमणलाल देसाई मार्क्सवादी. घुर्ये त्या विचाराच्या जवळपासही नव्हते. तरी भारतीय राष्ट्रवादाच्या सामाजिक पार्श्वभूमीवरचा देसाईंचा प्रबंध घुर्यांच्याच मार्गदर्शनाखाली १९४६ मध्ये मान्य झाला, १९४८ मध्ये पुस्तकरूपाने आला आणि आजही वाचला जातो. पुढे देसाई त्याच विभागाचे प्रमुख झाले. याहून ठळक उदाहरण डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे आहे. मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात १९१८ ते १९२० शिकवून ते पुन्हा लंडनला गेले आणि रुपयाच्या प्रश्नावरचा प्रबंध त्यांनी एडविन कॅनन यांच्याकडे लिहिला. परीक्षकांनी तो पुन्हा लिहायला सांगितला. ते फेरलेखन आंबेडकरांनी मुंबईत परतल्यावर पुरे केले आणि १९२३ मध्ये पदवीही मिळाली, पुस्तकही निघाले. त्या पुस्तकाला प्रस्तावना लिहिताना कॅनन यांनी आपल्या विद्यार्थ्याच्या मुख्य भूमिकेशी आपण सहमत नाही हे उघडपणे नोंदवले आणि तरीही त्याच्या युक्तिवादातला ताजेपणा आणि नेमकेपणा मान्य केला. विद्यार्थ्याच्या पुस्तकाच्या पहिल्याच पानांवर मार्गदर्शकाने ‘मला हे पटलेले नाही’ असे लिहावे आणि विद्यार्थ्याने ते अभिमानाने छापावे, याहून निरोगी नाते कोणते? ते शक्य झाले याचे कारण कॅनन यांनी ते लेखन खरोखर वाचले होते. न वाचणाऱ्याला मतभेदही परवडत नाही. तो नुसती सही करतो.

घुर्यांची परंपरा निर्दोष होती असे म्हणता येणार नाही. त्यांच्या हाताखालच्या अनेक प्रबंधांत माहितीचा साठा दांडगा आणि प्रश्न पुसट, ही टीका त्यांच्याच शिष्यपरंपरेतून झाली. एका विभागात एकाच प्राध्यापकाचा इतका दबदबा असला की विषय कोणते निघतील, पद्धत कोणती चालेल, कोणाला नोकरी मिळेल, हे सगळे एका खोलीत ठरते. ज्याचे त्या खोलीशी जमले नाही त्याला मुंबईत दुसरे दार नव्हते. मार्गदर्शनाचे ते युग सुवर्णयुग म्हणून मांडणाऱ्यांनी हे विसरू नये. तेव्हा संशोधन मूठभरांचे होते, आणि त्या मूठभरांत कामगारवस्तीतून आलेला, घरात पहिल्यांदाच पदवीपर्यंत पोहोचलेला विद्यार्थी जवळजवळ नव्हता. दारे वाढायला हवीच होती. ती वाढली, आणि मुख्यतः उपनगरांत वाढली.

शहराच्या विस्ताराशी हे जोडलेले आहे. १९५० मध्ये बृहन्मुंबईची हद्द जोगेश्वरी आणि भांडुपपर्यंत गेली, १९५७ मध्ये दहिसर आणि मुलुंडपर्यंत. संस्थाही त्याच दिशेने निघाल्या. नागपाड्यात १९३६ साली समाजकार्याची शाळा म्हणून सुरू झालेली टाटा समाजविज्ञान संस्था १९५४ मध्ये देवनारला आली. तिच्याजवळच, आज आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्था म्हणून ओळखली जाणारी, १९५६ साली स्थापन झालेली लोकसंख्या अभ्यासाची संस्था उभी राहिली. १९५८ मध्ये आयआयटी सुरू झाली आणि पवईच्या तळ्याकाठी वसली. फोर्टमधली जागा अपुरी पडल्यावर विद्यापीठाचे विभाग टप्प्याटप्प्याने कलिनाला हलले. जुहूच्या आवारात एसएनडीटी महिला विद्यापीठाचे काम वाढले. १९७४ मध्ये नीरा देसाई यांच्या पुढाकाराने तिथे स्त्री-अभ्यासाचे संशोधन केंद्र सुरू झाले. आधुनिक भारतातल्या स्त्रीविषयीचे त्यांचे १९५७ चे पुस्तक मुळात मुंबई विद्यापीठातल्या एम.ए.च्या प्रबंधातून आलेले. एका प्रबंधातून पुस्तक, पुस्तकातून केंद्र, केंद्रातून पुन्हा नवे प्रबंध, अशी ही साखळी आहे. १९८७ मध्ये रिझर्व्ह बँकेने गोरेगावला इंदिरा गांधी विकास संशोधन संस्था स्थापन केली. जोगेश्वरीचे इस्माईल युसूफ कॉलेज तर १९३० पासूनचे आणि अंधेरीचे भवन्स १९४६ पासूनचे. त्यांच्या मागोमाग घाटकोपरचे झुनझुनवाला, ज्या स्थानकाचे नावच विद्येवरून पडले त्या विद्याविहारचे सोमय्या, मुलुंडचे वझे अशी कॉलेजे उभी राहिली आणि काळाच्या ओघात त्यांच्यात विद्यापीठमान्य संशोधन केंद्रेही आली. बोरिवलीच्या किंवा मुलुंडच्या विद्यार्थ्याला आता गाइड शोधायला फोर्ट गाठावे लागत नाही. हा लाभ खरा आहे आणि तो कमी लेखण्याचे कारण नाही.

या विस्तारातली एक गोष्ट विशेष लक्षात ठेवावी अशी आहे. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीला मुंबई विद्यापीठाने संशोधनासाठी मान्यता दिली आणि वांद्र्याच्या पाली हिलवर राहणारे पक्षिशास्त्रज्ञ सालिम अली विद्यापीठाचे मान्यताप्राप्त मार्गदर्शक झाले. सालिम अलींनी स्वतः विद्यापीठाची पदवी परीक्षा दिलेली नव्हती. १९३० च्या सुमारास अलिबागजवळच्या किहीमला घराशेजारच्या सुगरणींच्या वसाहतीकडे तासन्‌तास पाहत बसून त्यांनी या पक्ष्याच्या विणीचे कोडे उलगडले होते. त्यांच्या पहिल्या संशोधक विद्यार्थ्यांपैकी व्ही. सी. आंबेडकर यांनी काम केले ते सुगरणींवरच, आणि त्यांचा अभ्यास पुढे विद्यापीठाने प्रसिद्ध केला. ज्या विषयात गुरूने नाव मिळवले त्याच विषयात शिष्याने नवे निरीक्षण आणायचे, हे अवघड असते. पण निरीक्षण म्हणजे काय हे जाणणारा वाचक समोर असला की ते साधते. पदवी नसलेल्या माणसाला मार्गदर्शक मानण्याइतके धैर्य तेव्हा विद्यापीठाकडे होते. पात्रता कागदावर मोजण्याआधी ती कामावरून ओळखली गेली.

मग बिघडले कुठे? पहिले कारण साधे, वेळेचे आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या नियमांनुसार सहायक प्राध्यापकाने आठवड्याला सोळा तास आणि वरच्या श्रेणीतल्यांनी चौदा तास प्रत्यक्ष अध्यापन करायचे असते. उपनगरातल्या कॉलेजात त्यावर पेपर तपासणी, प्रवेश, मूल्यांकनाच्या फायली आणि परीक्षांची देखरेख चढते. आता हिशेब करू. तीनशे पानांचा प्रबंध, प्रत्येक प्रकरण किमान दोनदा वाचायचे, तासाला दहा पाने या गतीने समासात लिहीत वाचायचे, तर एका विद्यार्थ्यामागे साठ तास नुसत्या वाचनाचे होतात, चर्चा वेगळी. चार विद्यार्थी असले तर दोनशे चाळीस तास. आठवड्याच्या वेळापत्रकात हे तास कुठे दिसतात? बहुतेक ठिकाणी दिसत नाहीत. ते शिक्षकाच्या रविवारातून आणि लोकलच्या प्रवासातून येतात, किंवा येतच नाहीत. दुसरे कारण तंत्राचे आहे. टंकलेखन यंत्राच्या काळात एक पान बदलायचे तर ते पान कार्बन प्रतींसह पुन्हा टंकून घ्यावे लागे आणि त्याचे पैसे मोजावे लागत. त्यामुळे हस्तलिखित खर्डा आधी मार्गदर्शकाच्या नजरेखालून जाणे सगळ्यांच्याच हिताचे असे. संगणकाने दुरुस्ती फुकट केली. खर्डाही आता पक्क्या प्रतीसारखा नीटनेटका दिसतो. त्याचे कच्चेपण डोळ्यांना दिसत नाही आणि वाचणाराही तो पक्का समजून वरवर चाळतो.

तिसरे कारण नियमांचे. आयोगाच्या २००९ च्या नियमावलीने प्रवेश परीक्षा, अभ्यासवर्ग आणि प्रबंध सादर करण्याआधी शोधनिबंध छापण्याची अट आणली. प्रबंध महाजालावर खुले करण्याची वाटही तिनेच घातली आणि ‘शोधगंगा’ हे भांडार उभे राहिले. २०१० पासून शिक्षकांच्या बढतीसाठी गुण मोजले जाऊ लागले, त्यात पीएच.डी. मिळवणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्यामागे मार्गदर्शकाला दहा गुण ठरले. २०१६ मध्ये प्राध्यापकाने आठ, सहयोगी प्राध्यापकाने सहा आणि सहायक प्राध्यापकाने चार पीएच.डी. विद्यार्थी घ्यावेत अशी मर्यादा आली, आणि दर सहा महिन्यांनी सल्लागार समितीपुढे प्रगती मांडणे आवश्यक झाले. २०१८ मध्ये वाङ्मयचौर्याचे नियम आले. दहा टक्क्यांपर्यंतचे साम्य क्षम्य ठरले. त्याच वर्षी विद्यापीठ विभागांत सहायक प्राध्यापकासाठी पीएच.डी. सक्तीची करण्याचे ठरले आणि नोकरीसाठी पदवी, पदवीसाठी गाइड अशी रीघ लागली. ती सक्ती २०२३ मध्ये मागे घेतली गेली. २०२२ च्या नियमावलीने सादर करण्याआधी निबंध छापण्याची सक्ती काढली आणि एम.फिल. बंद केले. यातला प्रत्येक नियम वेगळा घेतला तर त्यामागे कारण आहे. सगळे एकत्र पाहिले तर १८५७ चे विद्यापीठ परत आलेले दिसते : टक्के, गुण, संख्या, सादरीकरण, प्रमाणपत्र. पुरे झालेल्या गोष्टी मोजण्याची जुनी सवय आता अपुऱ्या गोष्टींनाही लागली आहे.

यावर नियमांच्या बाजूने बोलणारे म्हणतील, आणि त्यांचे म्हणणे वजनदार आहे, की नियम आले ते मार्गदर्शकांच्या मनमानीमुळे. वर्षानुवर्षे सही अडवून ठेवणे, विद्यार्थ्याकडून स्वतःची कामे करून घेणे, त्याच्या लेखनावर स्वतःचे नाव लावणे, एकेकाने पंधरा-वीस विद्यार्थी नोंदवून ठेवणे, हे सगळे थांबवायला कागदाचाच आधार लागतो. हे मला पूर्ण मान्य आहे. विशेषतः ज्या विद्यार्थ्याच्या मागे घर, पैसा, ओळख यातले काही नाही, त्याला समितीपुढे उभे राहून आपले म्हणणे मांडता येणे ही मोठी गोष्ट आहे. सल्लागार समिती राहावी, संख्येची मर्यादा राहावी, प्रबंध खुले राहावेत. माझी तक्रार नियम असण्याविषयी नाही. वाईट वाचकापासून विद्यार्थ्याला वाचवण्याची सोय नियमांनी केली. चांगला वाचक मिळवून देण्याची सोय अजून कोणीच केलेली नाही, एवढेच माझे म्हणणे आहे. साम्य मोजणारे सॉफ्टवेअर चोरलेले वाक्य पकडते. स्वतःच्या हाताने लिहिलेला पोकळ परिच्छेद त्याला पकडता येत नाही.

तो पकडणे म्हणजे काय, हे जवळून पाहावे लागेल. मराठीत प्रबंधांच्या शीर्षकांना एक शेपूट असते : ‘एक चिकित्सक अभ्यास’. समजा विद्यार्थिनीने विषय आणला, ‘भांडुप-मुलुंड पट्ट्यातील औद्योगिक स्थित्यंतर : एक चिकित्सक अभ्यास’. सिनॉप्सिस मंजूर होण्याइतका तो भारदस्त आहे. वाचणारा मार्गदर्शक शेपटापाशीच थांबतो : चिकित्सा कशाची? लालबहादूर शास्त्री मार्गावरचे कारखाने बंद झाले आणि तिथे मॉल आणि मनोरे आले, हे रस्त्यावरून जाणाऱ्यालाही दिसते. मग तुला असे काय शोधायचे आहे जे दिसत नाही? ती म्हणते, कामगार कुठे गेले. तो विचारतो, कोणते? कायम की कंत्राटी? त्यांची नावे कुठल्या कागदावर सापडतील : युनियनच्या वह्यांत, भविष्य निर्वाह निधीच्या नोंदींत, पतपेढीच्या खात्यांत? पतपेढी म्हटल्यावर तिला आठवते की कर्जाच्या जामीनदारांची नावे तिथे असतात. कारखाना बंद झाल्यावर कोण कोणाला जामीन राहिला, हा प्रश्न तिथे जन्म घेतो आणि तो आजवर कोणी विचारलेला नसण्याची शक्यता बरीच असते. पहिले प्रकरण तिसऱ्यांदा लिहिले जाते, शीर्षकाचे शेपूट गळते आणि प्रबंधाला विषय सापडतो. हा सगळा व्यवहार दोन तासांचा, एका टेबलावरचा. कोणत्याही अर्जात त्याला रकाना नाही आणि कोणत्याही गुणपद्धतीत त्याला गुण नाहीत.

शेवटचा आक्षेप असा की इतके वाचणे, इतके विचारणे म्हणजे विद्यार्थ्याला भरवणेच नव्हे का? संशोधकाने स्वतःच्या पायावर उभे राहायला हवे. याचे उत्तर वर आलेल्या माणसांनीच दिले आहे. ज्यांचे लेखन सर्वाधिक बारकाईने वाचले गेले तेच पुढे सर्वाधिक स्वतंत्र निघाले : आंबेडकर कॅनन यांच्यापासून, देसाई घुर्यांपासून. वाचक प्रश्न विचारतो, उत्तर लिहून देत नाही. भरवणारा उत्तर लिहून देतो आणि प्रश्न विचारायचेच विसरतो. आता तर गुळगुळीत मजकूर क्षणात तयार करून देणारी यंत्रे हाताशी आली आहेत. भाषा सफाईदार आहे म्हणून विचार झाला आहे, असे मानण्याची सोय उरलेली नाही. विचार कुठे झाला, हे ओळखायचे तर तो होताना पाहिला पाहिजे, म्हणजे पहिला खर्डा, दुसरा खर्डा आणि त्यांच्यातले अंतर पाहिले पाहिजे. यंत्राच्या काळात कच्च्या खर्ड्याचे मोल कमी झालेले नाही, उलट तोच आता खरा पुरावा आहे.

म्हणून दोन गोष्टी व्हायला हव्यात आणि दोन्ही आवाक्यातल्या आहेत. पहिली, वाचनाचे तास अध्यापनाच्या तासांत धरले जावेत. चार विद्यार्थी घेणाऱ्या शिक्षकाचे सोळा तास सोळाच राहणार असतील, तर विद्यार्थ्यांच्या संख्येवर मर्यादा घालूनही काही साधणार नाही. दुसरी, प्रत्येक प्रबंधाबरोबर त्याच्या एखाद्या प्रकरणाचा समासातल्या शेऱ्यांसह एक खर्डा ग्रंथालयाने जपून ठेवावा. गेडिस यांनी घुर्यांचा निबंध वाचताना, घुर्यांनी श्रीनिवासांचे पहिले कूर्ग वाचताना काय लिहिले, ते आज आपल्यासमोर असते तर मार्गदर्शन कसे करतात हे शिकवायला वेगळा अभ्यासवर्ग लागला नसता. ते कागद गेले ते गेले. आज मुलुंडच्या, घाटकोपरच्या, अंधेरीच्या कॉलेजांत जे शिक्षक रात्री बसून दुसऱ्याचे अर्धे प्रकरण पेन्सिल घेऊन वाचत आहेत, त्यांच्या समासातले शेरे तरी रद्दीत जाऊ नयेत. सोनेरी अक्षरांच्या त्या पुठ्ठ्याआड एक खर्डाही बांधला जावा.